सरकीच्या फोटोतली तुमची पाठ

मामा,

आज नववा दिवस, आणि घरात तुमच्या फोटोचा शोध चालू आहे. ट्रंका उपसून झाल्या, देवघरामागचा कोनाडा झाला, जिनिंगमधल्या तुमच्या काट्याच्या खोलीतले खणसुद्धा तुमच्या मुलानं जाऊन पाहिले. तेराव्याला चौरंगावर काय ठेवायचं, हा प्रश्न आहे. तीस वर्षं तुम्ही लोकांचा कापूस तोलला, अर्धं जालना तुम्हाला तोंडानं ओळखतं, पण त्या तोंडाचा एक फोटो घरात नाही. आहे तो एकच. त्यात सरकी कान टवकारून, जीभ बाहेर काढून ऐटीत बसली आहे, आणि तिच्या शेजारी तिची दोरी धरून तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे आहात. टोपी दिसते, सदऱ्याची पाठ दिसते. कुत्रीचा चेहरा आणि मालकाची पाठ, असा फोटो मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

भेटायला येणारा प्रत्येक जण तो हातात घेतो आणि विचारतो, "हे असे उलटे का उभे राह्यले?" तुमचा मुलगा सांगतो, दादांना फोटोची आवड नव्हती. आत्याबाई काहीच सांगत नाहीत. फोटो काढून घेतात आणि पालथा घालून ठेवतात. परवा मात्र शेजारणीला म्हणाल्या, "रुसून गेले माझ्यावर. फोटोत बी पाठच केली." मी चुलीपाशी होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मला उलटता आली नाही.

तुम्ही पाठ कशासाठी केली होती ते मला माहीत आहे. फोटोवाल्या रशीदभाईंना माहीत आहे, पण तो देवमाणूस, विचारलं तरी बोलणार नाही. राहिली सरकी. आणि मी सांगायचं म्हटलं तर नुसतं पाठीचं सांगून भागत नाही, सगळंच सांगावं लागतं. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे, तुम्हीच आणून दिलेल्या जिनिंगच्या जुन्या तोलचिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायचं, तेही तो गेल्यावर, हे माझ्या माहेरी कळलं तर पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतील. म्हणू देत.

लग्न होऊन आले तेव्हा आईनं तीन गोष्टी बजावल्या होत्या. सासऱ्याला मामा म्हणायचं, सासूला आत्याबाई, आणि डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. चार वर्षं झाली, तिन्ही पाळल्या. मस्तगडातल्या आपल्या घराला दोन दारं. मागचं बोळात उघडतं आणि बोळ तिथंच संपतो. पुढचं आत्याबाईंच्या बाजेसमोर. स्वयंपाकघराला एक खिडकी आहे, पण ती इतकी उंच की समोरच्या घराचे पत्रे तेवढे दिसतात. तुमचा मुलगा सकाळच्या गाडीनं बदनापूरला नोकरीवर जातो आणि संध्याकाळी परत येतो. आणीबाणी लागल्यापासून गाडीही वेळेवर यायला लागली, म्हणजे उशीर का झाला म्हणून काळजी करण्याचं कामसुद्धा मला उरलं नाही.

मारहाण नाही, उपासमार नाही. आत्याबाई स्वतःच्या वाटचं तूप माझ्या ताटात वाढतात. माहेरी गेले की आई विचारते, काही त्रास आहे का गं? आणि मला सांगता येत नाही की मला नेमकं कुठं दुखतं. सकाळी उठलं की चार भिंती, झोपताना त्याच चार भिंती, आणि मधल्या वेळात त्यांच्यावरचे पोपडे. कुठल्या भिंतीवर किती पोपडे आहेत ते मी न पाहता सांगू शकते.

हे तुम्ही ओळखलंत, तेही गुळाच्या कागदामुळं. किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून मी वाचत बसायची. एकदा तुम्ही पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दाराशी आलात आणि मी कागद पदराखाली लपवला.

"काय वाचून राह्यली, माय?"

"काही नाही मामा. बाजारभाव. तेही मागच्या वर्षीचे."

"किती शिकली म्हन्ले व्हते तुझे वडील?"

"मॅट्रिक."

"मंग मास्तरणीच्या ट्रेनिंगचा फारम का भरत न्हाई?"

मी हसले. पाण्याचा तांब्या तुमच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "आत्याबाई?" तुम्ही अर्धा तांब्या प्यालात, मिशा पुसल्यात आणि म्हणालात, "त्ये मी पाहतो."

"मी पाहतो" हे तुमचं लाडकं वाक्य. पत्रा गळायला लागला, मी पाहतो. मागच्या दाराची कडी मोडली, मी पाहतो. ती कडी अजून मोडकीच आहे मामा. मी मनातल्या मनात तुम्हाला वायदेबाजार म्हणायची, हे आता सांगून टाकते.

पण हा वायदा कडी-कोयंड्याचा नव्हता. या घरात ट्रेनिंग हा शब्द कुणी उच्चारत नाही, हे मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. तुमची मुलगी विमल, माझ्या विमलवन्सं, चौदा वर्षांपूर्वी औरंगाबादला ट्रेनिंगलाच गेल्या होत्या. तिथं होस्टेलवर ताप आला, आणि तुम्ही न्यायला पोचलात तोवर त्या गेल्या होत्या. एवढंच मला माहीत होतं. त्यानंतर आत्याबाईंनी बाज पुढच्या दारासमोर ओढून घेतली ती घेतलीच. कुणी शाळेचं काढलं की त्या उठून आत जात. तुम्हीही गप्प होत. तुमचं गप्प होणं मला भित्रेपणाचं वाटायचं.

फॉर्म तुम्ही आणलात आणि त्याच आठवड्यात सरकी आली. हंगाम संपून शेवटच्या गाठी ट्रकात चढत होत्या. दाबून बांधलेल्या कापसाच्या त्या गाठींच्या थप्पीतून कण्हल्याचा आवाज आला. हमाल म्हणाले, घूस असेल, चढवा. तुम्ही काटा सोडून उठलात आणि अख्खी थप्पी उतरवून घेतलीत. दोन गाठींच्या फटीत ही अडकलेली होती, किती दिवस कुणास ठाऊक. पोट पाठीला लागलेलं, नाकातोंडात कापूस. मुकादम ओरडत होता, ट्रक खोळंबलाय म्हणून. "खोळंबू दे," तुम्ही म्हणालात. हा प्रसंग तुम्ही मला तीन वेळा सांगितला आणि दर वेळी मुकादमाचा आवाज जास्त मोठा काढलात.

पोत्यात घालून तुम्ही तिला घरी आणलंत. आत्याबाई म्हणाल्या, "घरात कुत्रं? बिलकुल न्हाई." तुम्ही म्हणालात, "घरात कुठं? अंगणात." जिनिंगमधल्या सरकीच्या, कापसाच्या बियांच्या, ढिगापाशी तिला पहिलं पाणी पाजलं म्हणून नाव सरकी. पहिले कितीतरी दिवस ती भिंतीजवळ जायची नाही. सावली भिंतीलगत असायची, आणि ही बरोबर अंगणाच्या मध्यावर उन्हात बसून धापा टाकायची. आत्याबाई म्हणायच्या, वेडं ध्यान आहे. मला ती कुत्री पहिल्या दिवशीच कळली.

फॉर्मला फोटो हवा होता. चेहरा पूर्ण दिसेल असा, डोक्यावर पदर न घेता, दोन्ही कान दिसले पाहिजेत. आमच्या लग्नात फोटोवाला नव्हताच. स्टुडिओत मी एकटी जाणं शक्य नव्हतं, आणि सासरा सुनेला घेऊन स्टुडिओच्या पायऱ्या चढला असता तर मस्तगडाला पंधरा दिवस दुसरा विषय लागला नसता. मी फॉर्म पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला आणि त्याच्यावर पाणी सोडलं.

मग एका संध्याकाळी जेवताना तुम्ही जाहीर केलंत, "सरकीचा फोटो काढायचा हाय."

तुमच्या मुलाचा घास हातातच राहिला. तुम्ही शांतपणे सांगत होतात, मालकाच्या बंगल्यात त्यांच्या कुत्र्याचा फोटो टांगलाय, मंग आपल्या सरकीनं कुणाचं घोडं मारलं? मला क्षणभर खरंच वाटलं की म्हातारपणी तुमचं काहीतरी बिघडलं. मग तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता पिठाच्या डब्याकडे पाहिलंत आणि माझ्या हातातली पळी आमटीत पडली.

आत्याबाईंनी ताट सारलं. "माझ्या विमलचा येक फोटो न्हाई घरात," त्या म्हणाल्या. "दोन व्हते ते फारमाला चिकटवून पाठवले तुम्ही. अन् आता कुत्रीचा फोटो काढून राह्यले." तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात. आता हे मागं घेणार, असं मी धरून चालले. पण हात धुताना तुम्ही म्हणालात, "येकादशीला रशीदभाईला बोलावलंय." गल्लीत दुसऱ्या दिवशी पोरंटोरं तुम्हाला पाहून भुंकत होती. तुम्हीही उलटे भुंकत होतात.

एकादशीला दुपारी आत्याबाई भजनाला गेल्या. तुमचा मुलगा बदनापूरला. रशीदभाई तीन पायांचं स्टँड आणि कॅमेरा घेऊन आले. चुना दिलेल्या भिंतीपुढं त्यांनी स्टूल मांडलं, मला बसवलं. तुम्ही बाजूला सरकीची दोरी धरून उभे. रशीदभाईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली. "पदर नीचे लेना पडंगा बेटी. फारम में कान दिखना."

माझा हात डोक्यापर्यंत गेला आणि परत आला. तुम्ही शेजारीच उभे होतात. चार वर्षं तुमच्यासमोर केस दिसू दिले नव्हते. तापानं फणफणले होते तेव्हाही तुमचा खोकला ऐकला की पदर ओढून घेतला होता. हा फोटो माझ्या सुटकेचा आहे हे कळत होतं आणि तरी हात उठत नव्हता. मी म्हणाले, असाच काढा. रशीदभाई म्हणाले, असा काढला तर फॉर्म वापस येईल. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत, एकदा त्यांच्याकडे. मग दोरीसकट वळलात आणि भिंतीला नाक लागेल इतके जवळ जाऊन उभे राहिलात.

"आता मी न्हाई हितं," भिंतीला सांगितल्यासारखं म्हणालात. "काढ माय, निवांत काढ."

मी पदर खाली घेतला. उघड्या अंगणात, भर दुपारी, कानांना वारा लागला. तो वारा मला अजून आठवतो. रशीदभाईंनी एक फोटो काढला. "और एक," म्हणाले, आणि तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. आत्याबाई टाळ विसरल्या होत्या. मी पदर ओढला, आणि रशीदभाईंनी डोळ्याचं पातं लवायच्या आत कॅमेरा सरकीकडे फिरवून खटका दाबला. तुम्हाला मात्र कुणी सांगितलंच नाही. तुम्ही आपले भिंतीला तोंड लावून उभे.

आत्याबाई दारात थबकल्या. "हे भिंतीकडं तोंड करून काय करून राह्यले?"

तुमची मान हलली नाही. भिंतीकडूनच आवाज आला, "माझं तोंड दिसलं का ती माझ्याकडंच पाहती. कॅमेऱ्याकडं पाहत न्हाई. म्हनून."

आत्याबाईंनी टाळ घेतले, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि गेल्या. दार लागल्यावर रशीदभाई हसता हसता खाली बसले. मीही हसले, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. आणि तुम्ही विचारलंत, "वळू का आता?"

मामा, मला आजवर एवढा मान कुणी दिलेला नाही. मुलगी पाहायला आलेल्यांनी मला चालून दाखवायला लावलं होतं. तुम्ही माझ्यासाठी पाहायचं बंद केलंत. त्या दिवशी हे बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. चहा करून दिला, तोही साखर विसरून.

ॲडमिशनचं पत्र जिनिंगच्या पत्त्यावर आलं, कारण घरी आलं असतं तर आधी आत्याबाईंच्या हातात पडलं असतं. नेमलेल्या तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. तुम्ही ते टोपीच्या घडीत ठेवून आणलंत आणि मला वाचायला दिलंत. मी तीनदा वाचलं. "आता आत्याबाईंना तुम्ही सांगा," मी म्हणाले. "मी पाहतो," तुम्ही म्हणालात.

एक आठवडा गेला, दुसरा लागला. रोज तुम्ही घरी आलात की मी तुमच्या तोंडाकडे पाहायची आणि तुम्ही सरकीकडे पाहायचात. शेवटी शनिवारी मागच्या बोळात मी तुम्हाला गाठलं. आवाज चढवता येत नव्हता, म्हणून दात आवळून बोलले. "तुमच्यानं होणार नाही मामा. बोलायची वेळ आली की भिंतीकडं तोंड करायची सवय आहे तुम्हाला."

 खुंटीची दोरी काढलीत आणि सरकीला घेऊन बाहेर गेलात. सोमवारी दुपारी चहा मागितलात, आणि मी कप घेऊन आले तोवर तुम्ही नव्हतात.

मला हे सहन होत नाही. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, त्याचाच दगड करून मी तुम्हाला मारला. आणि माफी मागायला उशीर झाला, तोही तुमच्या वायदेबाजारामुळं नाही, माझ्याच तोंडामुळं. पत्र अजून पिठाच्या डब्याखाली आहे. अकरा दिवस राहिलेत. आता कोण सांगणार? कपाळ पुसलेल्या बाईला घरात एकटी टाकून मी शिकायला जाते, हे म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि जात नाही असं म्हणवत नाही. काल एकदा वाटलं, तुम्ही सुटलात. लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. सरकी परवापासून पुन्हा अंगणाच्या मध्यावर जाऊन बसते.

दुपारी इथपर्यंत लिहिलं होतं. आता संध्याकाळ व्हायला आली आहे. मधे जे झालं ते लिहिते.

आत्याबाई बाजेवरून उठून स्वयंपाकघरात आल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदाच.

"केव्हाची काय लिहून राह्यली?"

खोटं सुचलं नाही. "मामांच्या आठवणी," मी म्हणाले.

त्या समोर भिंतीला टेकून बसल्या. "वाच."

मी चिठ्ठ्या जुळवल्या आणि वाचायला लागले. फोटो शोधतोय ते वाचलं. सरकी ऐटीत बसली आहे ते वाचलं. तुम्ही तोलाचं काम किती वर्षं केलंत ते वाचलं. जिथं दोन दारं आली तिथं खाली उतरले, जिथं ट्रेनिंग आलं तिथं आणखी खाली, आणि एकदम सरकीच्या थप्पीवर आले.

"तू गाळून राह्यली," आत्याबाई म्हणाल्या.

"नाही आत्याबाई."

"बोट पार खाली गेलं अन् तोंडातून येकच ओळ निघाली. मला वाचता न्हाई येत. दिसतं मला बराबर." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पहिल्यापून वाच. येक अक्षर गाळायचं न्हाई."

मी वाचलं, मामा. सगळं. त्यांची बाज, त्यांचं तूप, पोपडे, गुळाचा कागद. विमलवन्संच्या नावाला मी अडखळले, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. अंगणातलं वाचताना म्हणाल्या, "थांब." उठून गेल्या, पालथा फोटो घेऊन आल्या, मांडीवर सरळ ठेवला.

"तुझ्या पदरासाठी?"

"हो."

"मला वाटलं..." एवढंच म्हणून तुमच्या सदऱ्याच्या पाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "वाच पुढं."

शनिवारचं भांडण वाचताना मला मान वर करवली नाही. 

"शनवारी सांगितलं त्यांनी मला," आत्याबाई म्हणाल्या. "कुत्रीला फिरवून आल्ते. हितंच बसले. म्हन्ले, इंदूला ट्रेनिंगला धाडायची हाय, पत्र आलंय, फोटो बी त्याच्यासाठीच काढल्ता. मी म्हन्ले, येक लेक वाचून मारली, आता सून मारा."

मला कळलं नाही. "वाचून?"

"विमलच्या चिठ्ठ्या यायच्या. हे मोठ्यानं वाचायचे, मी ऐकायची. शेवटच्या चिठ्ठीत तिनं लिव्हलं व्हतं, आठ दिस झाले, ताप उतरत न्हाई, आईला धाडून द्या. ती ओळ गाळली त्यांनी. म्हन्ले, पोरगी मजेत हाय. त्यांना वाटलं मी घाबरंन. जिनिंगचा हंगाम व्हता, सुट्टी भेटली का आपणच जाऊन पाहून येऊ म्हन्ले असतील मनात. चार दिसांनी गेले." त्यांनी फोटो मांडीवरून उचलून शेजारी ठेवला. "ती गेल्यावर मास्तराकडून मी वाचून घेतली चिठ्ठी. तव्हा मला कळलं."

त्यांच्या भावाचं पोस्टकार्ड आलं की त्या तुमच्या हातात न देता माझ्याकडे आणून देत, आणि दोनदा वाचून घेत. मला वाटायचं, मला कामाला जुंपायची हौस. आणि तुमचं गप्प होणं. चौदा वर्षं तुम्ही हे गिळून त्यांच्यासमोर जेवत होतात, आणि तरी शनिवारी त्यांच्यापुढं बसून तोच शब्द काढलात. मी चुकले, मामा. तुमच्यानं झालं होतं. तुम्ही बोलला होतात, आणि सोमवारपर्यंत मला सांगायचं राहून गेलं, किंवा उत्तर असं मिळालं होतं म्हणून तुम्ही सांगितलं नाहीत. कुठलं खरं ते मला आता कधीच कळणार नाही.

"ते काय म्हणाले मग?" मी विचारलं.

"काय म्हन्तेत? बराबर हाय म्हन्ले, अन् उठून जाऊन कूस बदलून झोपले." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी येऊ दिलं. मीही रडले. तुम्ही गेल्यापासून आम्ही दोघी एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत रडत होतो.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "पत्र कुठंय?"

मी डबा उचलून पत्र दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, जसं काही त्यांना त्यातलं काही कळणार होतं, आणि गुडघ्यावर सपाट केलं. ते फाडतील असं मला वाटलं. मी अडवलं नसतं.

"गेली तर चिठ्ठी लिवशील?"

"दर आठवड्याला."

"वाचून कोण दाखवीन?"

"हे दाखवतील ना."

"ह्यो त्यांचाच लेक हाय," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यो बी गाळीन."

 जा, असं त्यांनी म्हटलेलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. तुमच्या मुलाला यातलं काही माहीत नाही, त्याची गाडी यायची आहे, आणि तो काय म्हणेल ते मला सांगता येत नाही. पत्र आत्याबाईंच्या गुडघ्यावर होतं आणि त्यांचा हात त्याच्यावर होता.

"किती दिस राह्यले?"

"अकरा."

"तेवढ्यात मला 'ताप' वाचता येईन का?" त्यांनी विचारलं. "बाकीचं न्हाई आलं तरी चालन."

घरात पाटी नव्हती. मी चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि शहाबादी फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आत्याबाई पुढं सरकल्या, वाकल्या आणि त्याच्यावर बोट ठेवलं.

"येवढंच असतंय?" म्हणाल्या. "दोनच अक्षरं?"